कोलकात्याचे पहिले दर्शन : गर्दीच्या शहरात पायी फिरताना

शिरीषपुष्प

कोलकात्याला जायचे ठरले तेव्हा नागपुरात ज्यांना ज्यांना सांगितले त्यांपैकी बहुतेकांनी एकच सल्ला दिला : काम उरका, व्हिक्टोरिया मेमोरियल पाहा आणि परत या, तिथे गर्दीशिवाय काही नाही. हिवाळ्यात जाऊन आल्यावर माझे मत याच्या अगदी उलट झाले आहे आणि ते सविस्तर मांडावे म्हणून हा धागा काढते आहे. गर्दी तिथे आहेच, आणि मुंबई पाहिलेल्या माणसालाही चकित करील इतकी आहे. पण त्या गर्दीत लहान धंदा करणाऱ्याला, ओझे वाहणाऱ्याला, नुसते उभे राहून बोलणाऱ्यालाही आपापली जागा मिळालेली आहे, आणि हे पायी फिरणाऱ्यालाच कळते.

नागपूरकरांना कोलकाता तसे परके वाटू नये. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या नावातच दोन्ही मुलुख आहेत. त्या कंपनीचे मुख्यालय हुगळीच्या काठी गार्डन रीच येथे होते आणि आज तिथेच दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय आहे. आपल्याकडून जाणाऱ्या गाड्या सहसा हावडा स्थानकाच्या नव्या संकुलात लागतात. तिथून बाहेर पडले की समोर नदी, डाव्या हाताला हॅल्सी रिकार्डो या वास्तुविशारदाने आखलेली लाल विटांची जुनी इमारत आणि तिच्या पलीकडे तो प्रचंड पूल. शहर नदीच्या पैलतीरावर असल्यामुळे आपण त्यात एकदम जाऊन पडत नाही. आधी ते दिसते आणि मग आपण त्याच्याकडे जातो. माझ्या पाहण्यातल्या दुसऱ्या कोणत्याही मोठ्या शहरात रेल्वेने उतरणाऱ्याला अशी सवड मिळत नाही.

हावड्याचा पूल फेब्रुवारी १९४३ मध्ये, म्हणजे ऐन महायुद्धात, वाहतुकीला खुला झाला. त्यासाठी लागलेल्या सुमारे २६,५०० टन पोलादापैकी २३,००० टन टाटांच्या कारखान्यातून आले. नदीच्या पात्रात त्याचा एकही खांब नाही आणि सांधे सगळे रिव्हेटचे आहेत. १९६५ साली त्याला रवींद्र सेतू हे नाव देण्यात आले, तरी टॅक्सीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे त्याला हावडा ब्रिजच म्हणतात. ही माहिती मी जाण्यापूर्वी वाचली होती. पुलावर पाय ठेवल्यावर जे जाणवते ते मात्र कोणत्याही पुस्तकात मला सापडले नव्हते : पूल पायाखाली सतत थरथरत असतो. बस गेली की थरथर वाढते, ती गेली की कमी होते, पण थांबत नाही.

सकाळी त्या पादचारी मार्गावर नोकरदार माणसे झपाझप चालत असतात, पण डोक्यावर टोपली किंवा गठ्ठा घेतलेला हमाल त्यांच्याहूनही वेगाने, जवळजवळ धावतच येतो, कारण ओझे डोक्यावर असताना थांबणे चालण्यापेक्षा कष्टाचे असते. त्याची हाक कानावर पडताच पुढची माणसे मागे वळून न पाहता बाजूला होतात आणि तो गेला की पुन्हा मार्गावर येतात. मी बराच वेळ कठड्याला लागून हे पाहत होते. एवढ्या दाटीत कोणी कोणाला धक्का मारल्याचे किंवा त्यावरून बोलाचाली झाल्याचे मला दिसले नाही.

पूल उतरताच उजवीकडे मल्लिक घाटाचा फुलबाजार लागतो. दादरचा फुलबाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांनी तो कित्येक पटींनी मोठा, नदीच्या पायऱ्यांपर्यंत पसरलेला आणि पायाखाली चिखल असलेला असा कल्पावा. पांशकुडा, कोलाघाट, राणाघाट या भागांतून पहाटेच्या लोकल गाड्यांनी फुले येतात. झेंडूच्या माळांचे दोरखंडासारखे वेटोळे खांद्यावर घेऊन माणसे उभी असतात. बसायला जागा नाही म्हणून दुकान अंगावरच मांडलेले असते. इथे सकाळी सातच्या आत पोहोचावे असे मी सुचवीन.

बडाबाजाराविषयी फार लिहीत नाही. घाऊक मालाची बाजारपेठ जशी असते तशीच ती आहे, फक्त गल्ल्या अरुंद आहेत आणि माल अजूनही बराचसा माणसांच्या डोक्यावरून हलतो. तिथून दक्षिणेला बिनय-बादल-दिनेश बाग, म्हणजे जुना डलहौसी चौक, लागतो. ८ डिसेंबर १९३० रोजी रायटर्स बिल्डिंगमध्ये शिरून तुरुंग महानिरीक्षक सिम्पसन याचा वध करणाऱ्या तीन तरुणांची नावे या चौकाला दिलेली आहेत. ज्या चौकातून इंग्रजांनी राज्य केले त्याच चौकाला हे नाव मिळाले, याचे मला फार समाधान वाटले.

दुपारच्या सुट्टीत याच भागातल्या पदपथांवर शेकडो माणसे जेवतात. एक लाकडी बाक, स्टोव्ह किंवा शेगडी, दोन-तीन पातेली, आणि ताटात भात, डाळ, भाजी, माशाचे कालवण. शेजारी लुची-आलूर दम, टोस्ट, घुगनी, कापलेली फळे. बँकेतला अधिकारी आणि त्याच इमारतीतला शिपाई एकाच बाकावर बसून जेवताना मी पाहिले. आपल्याकडे मुंबईत फोर्ट भागातही पदपथावर खाल्ले जाते, पण ते उभ्याउभ्या, घड्याळाकडे पाहत. इथे माणसे बसतात, ताट पुसून खातात, वर चहा घेतात. चहा मातीच्या भांड्यात मिळतो. त्याला तिथे भाँड म्हणतात.

कॉलेज स्ट्रीटचे वर्णन पुष्कळांनी केलेले आहे, तरी एक गोष्ट नोंदवल्याशिवाय राहवत नाही. कोलकाता, मुंबई आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठे १८५७ सालची. मुंबईच्या विद्यापीठाभोवती आज न्यायालये, कार्यालये आणि मैदान आहे. कोलकात्याच्या विद्यापीठाला आणि शेजारच्या प्रेसिडेन्सी विद्यापीठाला पुस्तकांच्या टपऱ्यांनी वेढले आहे, आणि त्या टपऱ्यांत अभियांत्रिकीच्या जुन्या क्रमिक पुस्तकांपासून बंगाली कवितासंग्रहांपर्यंत सगळे रचून ठेवलेले असते. मी एका विक्रेत्याकडे बंगाली शिकण्यासाठी प्राथमिक पुस्तक मागितले. त्याने स्वतःकडे नसलेले ते पुस्तक कोणाकडे मिळेल ते सांगितले, आणि मला वाट सापडणार नाही हे ओळखून आपली टपरी शेजाऱ्यावर सोपवून माझ्याबरोबर आला.

तिथून ट्रामच्या रुळांच्या कडेने उत्तरेकडे श्यामबाजारपर्यंत चालत गेले. हा सगळा जुन्या कोलकात्याचा भाग. हिरव्या झडपांच्या खिडक्या, लोखंडी जाळीच्या गॅलऱ्या, भिंतीतून उगवलेले पिंपळ. पडझड खरीच आहे आणि ती पाहून वाईट वाटते. पण रस्त्यालगतच्या घरांना ओटे आहेत आणि संध्याकाळी त्या ओट्यांवर माणसे बसलेली असतात. वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाते, फुटबॉलवर वाद होतो, कॅरम चालतो. आपल्याकडे नागपुरात महाल या जुन्या वस्तीत असे ओटे होते. बरेचसे दुकानांच्या पायऱ्या झाले. एवढ्या महानगरात घर आणि रस्ता यांच्यामधली ही जागा टिकून राहिली आहे, हे मला त्या शहराचे सर्वांत मोठे वैभव वाटले.

आपल्यापैकी जे तिथे राहिले आहेत त्यांनी भर घालावी. माझे निरीक्षण हिवाळ्यातले आणि पाहुणीचे आहे.

रुळांवरून

लेख फार आवडला. ट्रामचा उल्लेख आपण रुळांपुरताच केला आहे, म्हणून थोडी भर घालतो. कोलकात्यात घोड्यांची ट्राम पहिल्यांदा २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदह ते आर्मेनियन घाट या मार्गावर धावली, विजेची ट्राम १९०२ मध्ये आली. मुंबईची ट्राम एका वर्षाने धाकटी, १८७४ सालची. ती ३१ मार्च १९६४ रोजी कायमची बंद झाली. आज मुंबईत जे वृद्ध ट्रामच्या आठवणी सांगतात ते ऐकल्यावर कोलकात्याला जाऊन ट्राममध्ये बसणे हा माझ्यासाठी निव्वळ पर्यटनाचा भाग राहिला नव्हता.

ट्रामला तिथे भावनिक महत्त्व का आहे हेही समजून घ्यायला हवे. १९५३ मध्ये दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढवले म्हणून शहरात मोठे आंदोलन पेटले होते. कवी जीवनानंद दास यांचा मृत्यू १९५४ मध्ये ट्रामच्या धडकेनंतर झाला. एका वाहनाभोवती इतका इतिहास असल्यावर, सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने मैदान ते एस्प्लनेड एवढा वारशाचा मार्ग सोडून बाकीची ट्राम बंद करण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा लोक अस्वस्थ झाले यात नवल नाही. ट्राममुळे वाहतूक तुंबते हे कारण मला पटत नाही. ज्या काळात जगभरातली शहरे पुन्हा रूळ घालत आहेत त्या काळात घातलेले रूळ डांबराखाली गाडणे ही मोठी चूक आहे.

आणि एक. देशातली पहिली मेट्रो याच शहरात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर अशी सुरू झाली, आणि नदीच्या तळाखालून जाणारी देशातली पहिली मेट्रोही मार्च २०२४ मध्ये इथेच सुरू झाली. हावड्याहून पुढे जाणाऱ्याला नदीच्या वरून पायी, नदीतून लाँचने आणि नदीच्या खालून मेट्रोने असे तिन्ही मार्ग खुले आहेत.

सॉल्टलेककर

शिरीषपुष्पताई, नोकरीनिमित्त आलो आणि इथलाच झालो, त्यामुळे आपला लेख वाचताना आनंद झाला. आपण स्वतःच म्हटले आहे की हे हिवाळ्यातले निरीक्षण आहे. म्हणून आषाढातल्या कोलकात्याविषयी लिहितो.

जोराचा पाऊस आणि नदीची भरती एकाच वेळी आली की उत्तर आणि मध्य कोलकात्याच्या कित्येक रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचते. हे शहर नदीच्या त्रिभुज प्रदेशात, जवळजवळ सपाट जमिनीवर वसलेले आहे आणि त्याचा नैसर्गिक उतार नदीकडे नसून पूर्वेकडे, पाणथळ भागाकडे आहे. पाहुण्यांना दिसणारा हुगळीचा घाट हे शहराचे पुढचे दार. पाणी मात्र मागच्या दाराने जाते.

ते मागचे दार पाहिल्याशिवाय कोलकाता समजत नाही असे माझे ठाम मत आहे. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जमिनी सुमारे १२,५०० हेक्टर आहेत आणि २००२ मध्ये त्यांची रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून नोंद झाली. शहराचे सांडपाणी कालव्यांतून तिथल्या उथळ तळ्यांत जाते, ऊन आणि शेवाळ ते शुद्ध करतात, त्या पाण्यात मासे वाढतात आणि उरलेल्या पाण्यावर भाजी व भात पिकतो. या तळ्यांना इथे भेडी म्हणतात. कोळ्यांनी अनुभवातून बसवलेली ही पद्धत ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने अभ्यासून जगापुढे मांडली आणि तिच्या रक्षणासाठी उभे आयुष्य वेचले. आपण डलहौसीच्या बाकावर जे माशाचे कालवण पाहिले, त्यातला मासा तिथूनच आलेला असण्याची पुष्कळ शक्यता आहे. मी ज्या वसाहतीत राहतो ती सॉल्ट लेकही अशाच खाऱ्या पाणथळीत हुगळीतला गाळ भरून तयार केली आहे, आणि याची जाणीव ठेवूनच आम्ही पुढच्या भरावांना विरोध करतो.

गर्दीच्या कारणांविषयीही दोन शब्द. १९११ मध्ये राजधानी दिल्लीला नेण्याची घोषणा झाली, पण माणसे येतच राहिली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबे सियालदह स्थानकाच्या फलाटांवर महिनोन् महिने राहिली, मग शहराच्या दक्षिणेला मोकळ्या जमिनींवर वसाहती करून स्थिरावली. १९७१ मध्ये पुन्हा लोंढा आला. बिहारमधून मजुरांचा ओघ त्याआधीपासूनच होता. पदपथावर टपरी लावणाऱ्याला इथला माणूस सहजासहजी हुसकावत नाही, कारण पुष्कळांच्या घरात कोणीतरी कधीतरी असेच रस्त्यावरून सुरुवात केलेले आहे.

ओवी

लेख मनापासून लिहिलेला आहे आणि भाषा सुंदर आहे, पण एक शंका स्पष्टपणे मांडते. गर्दीत प्रत्येकाला जागा आहे असे आपण म्हणता. माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा आपल्याला दिसली नाही का? उत्तर कोलकात्यात ती अजून चालते. ती ओढणाऱ्यालाही त्या शहराने जागा दिली आहे असे म्हणायचे का? मला स्वतःला त्या रिक्षात बसवले नाही आणि न बसून त्या वृद्ध माणसाचे भाडे बुडवले याचेही दुःख झाले.

२००५ साली मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य यांनी ही प्रथा बंद करण्याचे जाहीर केले, पुढच्या वर्षी विधानसभेने कायद्यात दुरुस्ती केली, आणि प्रकरण न्यायालयात अडकले. आपल्याकडे माथेरानच्या हातरिक्षांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये निःसंदिग्ध निकाल दिला : सहा महिन्यांत त्या टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळण्याची योजना करावी. कोलकात्यातही याहून वेगळा मार्ग असू शकत नाही.

शिरीषपुष्प

ओवी, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. हातरिक्षा मी पाहिल्या, बऱ्याचशा बडाबाजारात आणि महात्मा गांधी रस्त्यालगत. त्यांत माणसांपेक्षा मालाची वाहतूक अधिक होती. त्या बंद व्हायला हव्यात याविषयी माझ्या मनात शंका नाही. माझ्या यजमानांनी सांगितले की पाणी साचते तेव्हा रुग्णाला आणि शाळेतल्या मुलांना नेणारे तेच एक वाहन असते; पण त्यावरून एवढेच ठरते की शहराने पाण्याचा निचरा सुधारायला हवा, हातरिक्षा चालू ठेवावी असे ठरत नाही. माथेरानच्या निकालातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग पर्यायी वाहनाचा आहे. कोलकात्यात बंदीची घोषणा आधी झाली आणि त्या माणसांनी पुढे काय करायचे याचे उत्तर कोणी दिले नाही, म्हणून ती माणसे आजही तिथेच आहेत. गर्दीत जागा मिळणे आणि सन्मानाने जगता येणे यांत अंतर आहे, हे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

गोंडकिल्ला

आपण नागपूरच्या आहात म्हणून विचारतो. बर्गींचा, म्हणजे बंगालवर स्वाऱ्या करणाऱ्या मराठा घोडेस्वारांचा, विषय आपल्यासमोर निघाला का? मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका घरी जेवायला बोलावले होते, आणि मी नागपूरचा आहे हे कळताच तिथल्या आजींनी हसत हसत सांगितले की लहानपणी त्यांना तुमची भीती घालून झोपवत असत. त्यांच्या अंगाईत बर्गी आहेत.

नागपूरकर रघुजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये बंगालात उतरले, १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने बोलणीसाठी बोलावून त्यांचा घात केला, आणि त्यानंतरही स्वाऱ्या चालूच राहून शेवटी १७५१ च्या तहाने ओडिशाचा महसूल आणि बारा लाखांची चौथाई ठरली. आपल्या शाळेत हे अटकेपार झेंड्यांच्या ओघात एका ओळीत येऊन जाते. तिकडे जी गावे लुटली गेली, जाळली गेली, त्यांची आठवण पिढ्यान् पिढ्या आयांच्या तोंडी राहिली. आजींच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता, तरी मी मान खाली घालून ऐकले आणि मला तेच योग्य वाटले. पराक्रमाचा इतिहास आपला म्हणून सांगायचा तर हा भागही आपलाच आहे.

सॉल्टलेककर

गोंडकिल्ला, आपण जे लिहिले ते प्रत्येक मराठी माणसाने इथे येण्यापूर्वी वाचावे. त्या भीतीची खूण शहराच्या नकाशावर आजही आहे. मराठे येतील म्हणून १७४२ मध्ये कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला. सुमारे तीन मैल खणून झाला, मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत आणि काम अर्धवट राहिले. पुढे तो बुजवून १७९९ च्या सुमारास त्यावर सर्क्युलर रोड झाला, तोच आजचा आचार्य जगदीशचंद्र बोस आणि आचार्य प्रफुल्लचंद्र यांच्या नावांचा रस्ता. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली अजून आहे.

नात्याचा दुसरा धागाही याच शहरात सापडतो. आजच्या झारखंडमधल्या देवघर या गावाजवळच्या मराठी कुटुंबात जन्मलेले सखाराम गणेश देऊस्कर आयुष्यभर बंगालीत लिहीत राहिले आणि शिवाजी महाराजांचे चरित्र त्यांनी बंगाली वाचकांपर्यंत नेले. १९०६ साली लोकमान्य टिळक कोलकात्याच्या शिवाजी उत्सवाला आले होते. ज्या प्रांतात बर्गींची अंगाई गायली जात होती तिथेच हा उत्सव झाला, हे बंगाली माणसाचे मोठेपण आहे असे मी मानतो.

माजघर

धागा वाचून वडिलांना घेऊन जाण्याचे ठरवते आहे. त्यांचे वय झाले आहे, फार चालवत नाही. बागबाजारची ती गल्ली आणि जुनी घरे त्यांना दाखवायची आहेत. कसे जावे?

सॉल्टलेककर

माजघरताई, वडिलांना घेऊन डिसेंबर किंवा जानेवारीतच या. नोलेन गुळाचा, म्हणजे खजुराच्या ताज्या गुळाचा, संदेशही तेव्हाच मिळतो. हावड्याला उतरल्यावर पुलावरून चालण्याचा आग्रह धरू नका, लाँचने बागबाजार घाटापर्यंत या. नदीतून पूल खालून दिसतो आणि वडिलांना बसून येता येईल. लाँचवर चढताना धक्का आणि बोट यांच्यामध्ये फट असते, तिथे हात धरावा. घाटावरून मराठा डिच लेनपर्यंत आणि तिथून भगिनी निवेदिता यांच्या बोसपाडा लेनमधल्या घरापर्यंत ई-रिक्षा करावी. तिला इथे टोटो म्हणतात. परतीला श्यामबाजारहून मेट्रो घेऊन एस्प्लनेडला गाडी बदलली की थेट हावडा स्थानकात उतरता येते. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ मेट्रोत फार दाटी असते, ती वेळ टाळावी; ज्येष्ठांसाठी राखीव जागा असतात आणि कोणी बसलेले असले तरी सांगितल्यावर लगेच उठतात.